वाळूच्या दांड्यावर : आईचा गडू, रामेश्वर आणि धनुष्कोडी

आमच्या देवघरात गंगेचा एक गडू होता. तांब्याचा, वीतभरही नाही एवढा, तोंडाला डाख दिलेला. आजोबांनी तो माझ्या जन्माच्या आधी काशीहून आणला. काशीचे पाणी रामेश्वराला घालायचे आणि सेतूवरची वाळू प्रयागला नेऊन संगमात सोडायची, तेव्हा ती यात्रा पुरी होते. आजोबांची निम्मीच झाली. सासऱ्यांचे राहिलेले काम आपल्या हातून व्हावे असे आईच्या मनात कित्येक वर्षे होते. यंदा तिला बहात्तरावे लागले आणि संक्रांतीच्या आधीच तिने सांगून टाकले, "आता पुढच्या वर्षावर टाकायचं नाही."

माझे कारण वेगळे होते. मी शाळेत भूगोल शिकवते. सागरी लाटांचे संचयन कार्य, पुळण, वाळूचा दांडा, खाजण... ही आकृती मी फळ्यावर एकोणीस वर्षे काढते आहे. किनाऱ्याला समांतर एक रेघ, टोकाला थोडी वळलेली, आत टिंबटिंब. रामेश्वरच्या पुढे धनुष्कोडीला असा दांडा आहे, दोन्ही बाजूंना समुद्र आणि मध्ये फक्त वाळू, हे मुलांना सांगितले होते. स्वतः कधी त्यावर उभी राहिले नव्हते.

पहिला दिवस : मदुराई ते रामेश्वर

मदुराईपर्यंतचा प्रवास सुरळीत झाला, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. तिथून सकाळची पॅसेंजर धरली. रामनाथपुरम सोडले की जमीन सपाट होत जाते, भाताची खाचरे संपतात आणि ताडाची झाडे सुरू होतात. मंडपम आले तसे डब्यातले लोक खिडक्यांकडे सरकू लागले.

पांबनचा पूल. भारताच्या मुख्य भूमीतून पांबन बेटावर जाणारी ही रेल्वे पहिल्यांदा २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झाली. समुद्रावरचा देशातला हा पहिला पूल, लांबी दोन किलोमीटरांहून थोडी जास्त, जहाजे जाण्यासाठी मधला भाग दोन्हीकडे उघडणारा. आता गाड्या जातात त्या शेजारच्या नव्या पुलावरून. तो ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला आणि त्याचा ७२.५ मीटरांचा मधला भाग सरळ वर उचलला जातो. नव्या पुलावरून जाताना जुना पूल शेजारी दिसत राहतो, गंजलेला, आता एकही गाडी न येणारा. मला जुन्याकडेच बघावेसे वाटले.

त्या जुन्या पुलाशी आपल्या ओळखीचे एक नाव जोडलेले आहे. डिसेंबर १९६४च्या वादळात पुलाच्या तुळया समुद्रात वाहून गेल्या. उचलला जाणारा मधला भाग मात्र शाबूत राहिला. दुरुस्तीला रेल्वेने सहा महिन्यांची मुदत दिली होती, वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली आणि काम एका तरुण अभियंत्यावर सोपवले. ई. श्रीधरन. त्यांनी ४६ दिवसांत पूल उभा केला. पुढे कोकण रेल्वे बांधणारे तेच श्रीधरन. पेडण्याच्या बोगद्यातून जाताना त्यांचे नाव घेणारे आपण, पांबनच्या पुलावर त्यांची आठवण काढणारे फारसे नसतो.

पुलावर गाडी अगदी सावकाश चालते. खाली पाणी इतके उथळ की जागोजागी तळाचा रंग दिसतो. आईने पिशवीतला गडू काढून मांडीवर घेतला आणि पूल संपेपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसली.

रामेश्वरला दुपारी उतरलो. जेवण केळीच्या पानावर: भात, सांबार, रस्सम, कोबीची भाजी, अप्पळम, शेवटी ताक. रस्सम इतके मिरेदार होते की प्रवासाने आखडलेला घसा मोकळा झाला.

जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. पौष, आषाढ आणि भाद्रपदातल्या अमावास्यांना इथे पितरांच्या कार्यासाठी प्रचंड गर्दी असते. पोंगलच्या सुट्टीतही तसेच. आम्ही पौष अमावास्या उलटल्यावर गेलो, त्यामुळे खोली आणि दर्शन दोन्ही सहज मिळाले. पंचांग बघूनच तारीख ठरवा.

दुसरा दिवस : बावीस विहिरी आणि एक गडू

पहाटे पाचला स्फटिकलिंगाचे दर्शन असते. त्यानंतर अग्नितीर्थ, म्हणजे देवळासमोरचा समुद्र. तिथे स्नान करून ओल्या अंगाने देवळात शिरायचे आणि आतल्या बावीस तीर्थांवर एकामागून एक अंगावर पाणी घ्यायचे. बहुतेक तीर्थे म्हणजे विहिरी. काठावर उभा माणूस बादली सोडतो, ओढतो आणि तुमच्या डोक्यावर रिकामी करतो. दगडी जमीन सतत ओली आणि निसरडी असते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर हात सोडू नका, आणि कोरडे कपडे ठेवायची सोय आधी बघून ठेवा.

सातव्या-आठव्या विहिरीपाशी आईने ओंजळीतले पाणी तोंडात घेतले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, हे गोड आहे."

समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. मला धडा आठवला. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्रपातळीच्या वर त्याची उंची एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट खोलीपर्यंत गोडे पाणी सापडू शकते. उपसा जास्त झाला की खारे पाणी वर चढते आणि विहीर बिघडते. हे आईला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि पुन्हा एक घोट घेतला.

या देवळातली मूळ कथाही वाळूचीच आहे. रावणवधानंतर रामाला शिवपूजा करायची होती. हनुमंत कैलासाहून लिंग आणायला गेला, त्याला उशीर झाला, मुहूर्त टळू नये म्हणून सीतेने समुद्राकाठच्या वाळूचे लिंग केले. तेच रामलिंग. मग हनुमंत पोहोचला. त्याचे मन मोडू नये म्हणून त्याने आणलेल्या विश्वलिंगाची पूजा आजही आधी होते.

गडू दिला त्याची हकिगत सांगते. गंगाजलाच्या अभिषेकाची पावती घ्यावी लागते. तिथे गडू उघडून बघतात. एवढ्या वर्षांचा डाख सहज निघेना. शेवटी निघाला, आणि आत पाणी होते, थोडे कमी झालेले, पण स्वच्छ, कसलाही वास नाही. आई काही बोलली नाही. आत नेलेला गडू लांबून, दिव्यांच्या उजेडात, एकदाच दिसला.

बाहेर प्राकारात वाट बघत उभ्या होतो. हे प्राकार म्हणजे एकसारख्या खांबांच्या रांगा, नजर टोकाला पोहोचेपर्यंत थकते. आईने मला म्हटले, "तुझ्या आजोबांना हे बघायला हवं होतं." शेजारून आवाज आला, "तुम्ही कोण गावचे?" मराठीत. देवळातलेच एक वृद्ध पुजारी होते. रामेश्वरचे पुजारी मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मण, शृंगेरीची दीक्षा घेतलेले, हे मी वाचले होते. पण इतक्या दूर, तमिळ आवाजांच्या गर्दीत, आपली भाषा अशी अचानक कानावर पडली की वाचलेले सगळे बाजूला राहते. त्यांच्या बोलण्याला तमिळ हेल होता, काही शब्द आमच्या पणजीच्या तोंडचे वाटावेत असे. आईने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. रथसप्तमी व्हायची होती, डबा बरोबरच होता. "गोड बोला," ते आपणहून म्हणाले, आणि दोघे थोडा वेळ नुसते हसत उभे राहिले.

या वाटेवर मराठी पावले जुनी आहेत. नाथमहाराज गंगेची कावड घेऊन निघाले होते ती रामेश्वरलाच. वाटेत वाळूत तडफडणारे गाढव दिसले आणि त्यांनी ती त्याच्या तोंडात रिकामी केली. तंजावरच्या मराठा राजांनी तंजावर ते रामेश्वर या रस्त्यावर यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली, राहायला जागा आणि दोन वेळचे अन्न मिळावे म्हणून. त्यातल्या अनेकांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावे आहेत. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यातलेच, सरफोजी राजांच्या काळातले. तमिळमध्ये छत्राला 'चत्तिरम' म्हणतात. दुसऱ्या दिवशी धनुष्कोडीच्या वाटेवर 'मुकुंदरायर चत्तिरम' अशी पाटी आली तेव्हा तो शब्द मला परका वाटला नाही.

दुपारी मशिदीच्या गल्लीत डॉ. अब्दुल कलामांचे घर पाहिले. त्यांचे वडील होडी बांधून यात्रेकरूंना रामेश्वरहून धनुष्कोडीला नेत-आणत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गाडी रामेश्वरला थांबेनाशी झाली, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे धनुष्कोडीच्या वाटेवर धावत्या गाडीतून खाली टाकले जात, आणि ते गोळा करून वाटायच्या कामात लहानगा कलाम होता. त्यांची पहिली कमाई तीच.

संध्याकाळी धनुष्कोडीला जायचा घाट घातला आणि तो फसला. टोकाकडे जाणारा रस्ता सूर्यास्ताच्या बराच आधी बंद करतात. पाच वाजून गेले होते आणि चौकीवरच्या पोलिसाने रिक्षा वळवायला लावली. आई हिरमुसली. रिक्षावाले अण्णा मोडक्या हिंदीत म्हणाले, "अम्मा, सुबह आना. सुबह दो समुंदर." हातांनी दोन बाजू दाखवल्या. सूर्यास्त तिथून बघायचे मनात असेल तर ते सोडून द्या. पहाटे निघा.

तिसरा दिवस : धनुष्कोडी

साडेपाचला अण्णा दारात हजर. गाव संपले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडे खुजी होत गेली. आधी ताड, मग बाभळीसारखी काटेरी झुडपे, मग नुसते गवताचे पुंजके. उजाडत होते. डावीकडे एका चिंचोळ्या बांधावरून जाणाऱ्या वाटेच्या टोकाला कोदंडराम स्वामींचे देऊळ दिसले. बिभीषण रामाला शरण आला ती जागा. १९६४च्या वादळातून ते टिकले, त्याच्याभोवतीचे बहुतेक सगळे गेले.

मग जमीन अरुंद होऊ लागली. नकाशावर बघताना हे कळते, पण अंगावर कळते ते वाऱ्याने. आधी वारा एका बाजूने येत होता, बघता बघता तो अडवायला काहीच उरले नाही. रस्त्याच्या कडेला वाळूचे पदर साचले होते, काही ठिकाणी रस्त्यावरही आलेले. अण्णांनी रिक्षा हळू केली. उजवीकडे समुद्र दिसला. थोड्या वेळाने डावीकडेही. मध्ये आम्ही, डांबराची पट्टी आणि वाळू. माझ्या फळ्यावरची रेघ.

हा रस्ता टोकापर्यंत २०१७ साली झाला. त्याआधी लोक वाळूत रुतत जाणाऱ्या जीपमधून किंवा पायी येत. आता सरकारी बसही येते, पण ती पकडायची तर उन्हाची तयारी ठेवा. टोकाला सावली म्हणून नाही. पाणी, टोपी आणि आईसारख्या माणसासाठी छत्री लागतेच. छत्रीही वाऱ्यात कितपत टिकेल सांगता येत नाही.

टोकाचे नाव अरिचल मुनै. याचा अर्थ मी अण्णांना विचारला. त्यांनी बोटांनी वाळू उकरून दाखवली, मग लाट येऊन ती घेऊन जाते तशी हाताची हालचाल केली. अरिचल म्हणजे झीज, समुद्राने खाणे. मुनै म्हणजे टोक. समुद्राने वाळू आणून घातली म्हणून तयार झालेल्या जागेला तिथल्या लोकांनी नाव ठेवले ते झिजेचे. एकोणीस वर्षे मी हे टोक 'संचयना'च्या खाली शिकवत आले. दोन्ही खरे आहे, पण नाव ठेवणाऱ्यांनी रोज जे पाहिले ते मी पुस्तकात पाहिले नव्हते.

कसे घडते ते सांगते, कारण तिथे उभे राहिल्यावर ते दिसते. लाटा किनाऱ्यावर सरळ येत नाहीत, तिरप्या येतात. तिरपी लाट वाळूचे कण तिरपे वर नेते आणि परतताना उतारावरून सरळ खाली आणते. दर लाटेला कण थोडा पुढे सरकतो. असे दिवसरात्र, वर्षानुवर्षे. धनुष्कोडीला हे दोन्ही बाजूंनी चालते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात दक्षिणेकडच्या मन्नारच्या आखाताचा समुद्र खवळतो आणि वाळू पूर्वेकडे ढकलतो. ईशान्य मोसमी वाऱ्यात उत्तरेकडच्या पाल्कच्या उपसागरातला प्रवाह बंगालच्या उपसागरातली वाळू खाली आणतो. जिथे प्रवाहांचा जोर संपतो तिथे ती बसते. पुढच्या ऋतूत त्यातली काही परत उचलली जाते. म्हणून टोक दर वर्षी नेमके त्याच जागी नसते. पुढे तलैमन्नारपर्यंत, साधारण तीस किलोमीटर, अशीच उथळ वाळूची बेटे आणि दांडे आहेत. त्यालाच आपण रामसेतू म्हणतो. भारत आणि श्रीलंकेची १९७४ साली ठरलेली सागरी सीमा या उथळ पट्ट्यातून जाते.

इथले कोळी उत्तरेच्या समुद्राला 'पेण कडल', म्हणजे बाईसमुद्र, आणि दक्षिणेच्या समुद्राला 'आण कडल', बाप्यासमुद्र म्हणतात. उत्तरेचा शांत, दक्षिणेचा दांडगा. पोथीत त्यांची नावे महोदधी आणि रत्नाकर. मी उभी होते तेव्हा मात्र उलटे होते. जानेवारीचा ईशान्य वारा, त्यामुळे उत्तरेकडे बारीक, चिडक्या, गढूळ लाटा; दक्षिणेकडे निळेहिरवे, निवांत पाणी. अण्णांना विचारले तर म्हणाले, सहा महिने ही, सहा महिने तो. कोळीही तसेच होड्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेतात. अर्ध्या तासात मी दोन्ही पाण्यांत पाय बुडवले. दांड्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

टोकाला पोहायला उतरू नका. वाळूचा उतार एकदम तुटतो आणि दोन प्रवाह एकमेकांना आडवे येतात. पाय भिजवायचे तर घोट्यापर्यंतच. फोनवर मध्येच श्रीलंकेचे नेटवर्क लागल्याचा निरोप आला. रोमिंग बंद ठेवलेले बरे.

आईने वाळूत बसून तीन छोटी लिंगे केली. सीतेसारखी, असे ती म्हणाली नाही, पण मला ते आठवले. हळदकुंकू वाहिले, दोन विसर्जित केली आणि एकाची वाळू सुती फडक्यात बांधली. ओंजळभरच. ती प्रयागला जाणार. मी शेजारी बसून बघत होते. गोदावरी, कावेरी, वैगई, कुठल्या कुठल्या नद्यांनी डोंगर कुरतडून समुद्रात टाकलेला माल लाटांनी इथवर आणला, आणि आता माझी आई त्यातली ओंजळभर उचलून गंगेत टाकायला नेणार होती.

उन्हे वर येऊ लागली तसे मागे फिरलो आणि जुन्या गावापाशी थांबलो.

इथे गाव होते, हे आधी पटत नाही. १९१४ साली पूल झाल्यावर मद्रासहून निघालेली बोट मेल थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत येई. प्रवासी उतरून आगबोटीत बसत, समुद्र ओलांडून तलैमन्नारला उतरत आणि तिथे उभ्या असलेल्या गाडीने कोलंबोला जात. मद्रास ते कोलंबो, एकच तिकीट. शेवटच्या काळात या वाटेवर 'इर्विन' आणि 'गोशेन' नावाच्या बोटी होत्या. म्हणजे या वाळूवर स्टेशन होते, सीमाशुल्काची कचेरी, टपाल कचेरी, शाळा, चर्च, धर्मशाळा, रेल्वेची वसाहत. सेतूच्या स्नानाला येणारे यात्रेकरू होते आणि चहाच्या मळ्यांकडे निघालेले मजूरही.

२२ डिसेंबर १९६४च्या रात्री चक्रीवादळ आले. रात्री बारा वाजण्याच्या थोडे आधी पांबनहून ६५३ क्रमांकाची पॅसेंजर धनुष्कोडीला निघाली होती. सांगतात की स्टेशनच्या अलीकडे सिग्नल बंद होता. चालक थांबला, वाट पाहिली, शिटी वाजवली आणि अंधारात गाडी पुढे घेतली. समुद्राचा लोट आडवा आला आणि गाडी तशीच आत ओढली गेली. शंभराहून जास्त माणसे होती, कुणीही वाचले नाही. गाव सकाळपर्यंत पाण्याखाली. वादळातले एकूण मृत्यू अठराशेहून जास्त धरतात. नंतर मद्रास सरकारने ही जागा वस्तीला अयोग्य ठरवली. रूळ पुन्हा टाकले नाहीत.

चर्चच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. जवळ जाऊन बघा: त्या दगडाच्या नाहीत, प्रवाळाच्या ठोकळ्यांच्या आहेत. हात फिरवला की प्रवाळाची जाळी बोटांना लागते. वाळूच्या बेटावर दगड मिळणार कुठून, समुद्रातूनच काढला. मागे पाण्याच्या टाकीचा सांगाडा, स्टेशनच्या भिंतीचा एक तुकडा. लोक फोटो काढत होते, मुले भिंतींवर चढत होती. चढू देऊ नका, ते ठोकळे सुटे होत आहेत, आणि ही जागा इतक्या जणांची शेवटची जागा आहे.

ताडाच्या झावळ्यांच्या काही झोपड्या तिथे अजून आहेत. काही कोळी कुटुंबे परत आली आणि राहिली. एका झोपडीपुढे एक बाई शिंपले मांडून बसली होती. आमच्याच वयाच्या मधली, ना माझ्याएवढी ना आईएवढी. आईने खुणेने पाणी मागितले. ती आम्हाला झोपडीमागे घेऊन गेली. वाळूत एक खड्डा, पुरुषभरही खोल नाही, तळाला हातभर पाणी. तिने नारळाच्या करवंटीने ते हळूहळू भांड्यात भरले, घाई केली तर वाळू ढवळते म्हणून. समुद्र दोन्हीकडे ऐकू येत होता. पाणी गोड होते.

मी काल देवळात सांगितलेलाच नियम. पण तिला तो एक-चाळीसचा हिशेब कुणी शिकवला नसणार. किती हळू काढायचे, किती काढून थांबायचे, हे तिच्या हाताला माहीत होते. पाण्याचे पैसे तिने घेतले नाहीत. आईने तिळगुळाचा डबा पुढे केला. तिने एक लाडू घेतला, वास घेतला, "एळ्ळु!" म्हणाली. तीळ. आत जाऊन तिने उकडलेले पिवळट कोंब आणले, बोटभर जाड, लांब. पनंकिळंगु. ताडाचे बी वाळूत पुरले की त्याला जो कोंब फुटतो तो उपटून उकडतात, पोंगलच्या सुमारास मिळतो. दोऱ्यासारखे तंतू काढत खायचा. चव रताळ्याच्या आणि शिंगाड्याच्या मधली. ताडगोळे आपण खातो, त्याच बीची ही पुढची गोष्ट कोकणातल्या माणसाला नवी वाटेल.

शेजारच्या झोपड्यांतून मासे तळल्याचा वास येत होता. आईची यात्रा, म्हणून मीही खाल्ले नाहीत. तुम्हाला असे बंधन नसेल तर तिथेच खा, पहाटेची पकड दुपारी ताटात असते. शिंपल्यांच्या माळा घ्यायला हरकत नाही, पण प्रवाळाचे तुकडे आणि मोठे दुर्मिळ शंख घेऊ नका. मन्नारच्या आखातातली एकवीस बेटे १९८६पासून सागरी राष्ट्रीय उद्यानात आहेत आणि तिथले प्रवाळ कायद्याने संरक्षित आहे.

चौथा दिवस : परतताना

सकाळी गाडीला वेळ होता, म्हणून पुन्हा एकदा अण्णांबरोबर दांड्याच्या सुरुवातीपर्यंत गेलो. आदल्या दिवशी त्यांनी उत्तरेकडे बोट दाखवून "पूनारै" असे काही म्हटले होते, ते मला कळले नव्हते. आज थांबून दाखवले. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये अडकलेल्या उथळ पाण्यात रोहित पक्षी, फ्लेमिंगो, शंभरावर असतील. हे पाणी म्हणजे खाजण, माझ्या आकृतीतला तिसरा शब्द. दांड्याने लाटा अडवल्या म्हणून आत चिखल साचतो, चिखलात बारीक जीव वाढतात, ते खायला हे पक्षी हिवाळ्यात येतात. २०२५ साली तमिळनाडू सरकारने हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केला. उरणला आणि उजनीला फ्लेमिंगो पाहिले होते, पण तिथे पाठीमागे इमारती किंवा ऊस असतो. इथे पक्ष्यांच्या पाठीमागे पाणी होते आणि त्यापलीकडे आकाश. दुर्बीण न्या. पाण्याच्या फार जवळ जाऊ नका, ते उडतात आणि त्यांचे खाणे मोडते.

अण्णांनी स्टेशनवर सोडले. भाडे घेतल्यावर आईच्या पाया पडले. आईने उरलेला तिळगुळाचा डबा तसाच त्यांच्या हाती दिला, मुलांना म्हणून.

घरी आल्यावर पुडी देवघरात, गडूच्या जागी ठेवली. सोमवारी शाळेत जायच्या आधी मी आईला विचारले, चिमूटभर मिळेल का. तिने थोडा विचार केला, मग फडके सोडून कागदावर खरोखर चिमूटभरच वाळू दिली. वर्गात मुलांनी भिंगाखाली पाहिली. पारदर्शक गारेचे कण, पांढरे, पिवळट, आणि शिंपल्यांचे बारीक बारीक तुकडे, काहींना अजून रेघा शिल्लक. त्यातल्या तुकड्यांवर लिंबाचा रस टाकला तर ते फसफसले. शिंपला चुनखडीचा असतो, आम्लाने त्यातून वायू निघतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, मग ही वाळू आधी कुणीतरी जिवंत होती?"

मी फळ्यावर दांड्याची रेघ काढली. टोक या वेळी तुटक काढले.

पुडीतली बाकीची वाळू प्रयागला जायची आहे. पुढच्या माघ मेळ्याच्या तारखा आईने पंचांगात बघून ठेवल्या आहेत, आणि आरक्षण दोन महिने आधी उघडते, ते मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवले आहे.